विचारा की! : जाळ आवर म्हणणारा

या महिन्यात चारच पत्रं घेतलीत. तिघांनी एकच शब्द विचारलाय, ‘आयएल-१०’, म्हणजे अंगातली सूज-जळजळ आवरणारा शरीरातलाच एक पदार्थ. चौथ्यानं तो शब्द कधी ऐकलेला नाही, पण त्याच्या अंगात त्याचंच काम चाललंय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही निपाणीच्या बाजूचे. हे पत्र थोरल्या नातीकडून लिहून घेतेय. धाकटा नातू नऊ महिन्यांचा झाला. दीड महिन्याचा होता तेव्हापासून पातळ शी, त्यात रक्त. शीच्या जागेजवळ गळवं येतात, फुटतात, परत येतात. ताप असतोच. वजन साडेपाच किलोच्या वर सरकेना. दूध बदललं, दूध बंद केलं, दृष्टसुद्धा काढली. शेवटी मोठ्या दवाखान्यातून रक्त लांब कुठंतरी तपासायला पाठवलं. त्यात ‘आयएल टेन रिसेप्टर’ बिघडलाय असं आलं. डॉक्टरांनी कानडीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. मला ‘उरियूत’ एवढाच शब्द कळला. आता या नातीचं बोन मॅरो काढून त्याला घालायचं म्हणतात. ते मणक्यातून काढतात ना? पोरगी अधू झाली तर? आणि हे दहा नंबर कमी पडतंय तर इंजेक्शन देऊन का भरून काढत नाहीत? सून माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. मग हा दोष आला कुणाकडून?

उत्तर : अक्का, तुम्ही विचारलेलं सगळं मुद्द्याचं आहे. नातीला सांगा, अक्षर वळणदार आहे, असंच ठेव.

तुम्हाला कळलेल्या शब्दापासूनच निघू. कानडीत ‘उरी’ म्हणजे जळजळ आणि ‘ऊत’ म्हणजे सूज. दोन्ही मिळून उरियूत. आमच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘दाह’ म्हणतात. मला कानडी शब्दच जास्त आवडतो, कारण मराठी कानाला त्यात आणखी एक अर्थ ऐकू येतो. आपल्याकडे ऊत येणं म्हणजे उतू जाणं. नातवाच्या आतड्यात तेच चाललंय.

गुऱ्हाळं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. माझ्या मामाचं संकेश्वरजवळ होतं, हिरण्यकेशीच्या काठाला. चुलवाणाच्या तोंडाशी खड्ड्यात जळव्या बसायचा, डोक्याला ओलं फडकं बांधून, चिपाडं आत सारत. वर काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, गुळव्या. खड्ड्यातल्या माणसाला काहील दिसत नाही, हे लक्षात घ्या. रस फुगून काठाला आला की गुळव्या हातातला दांडा काहिलीच्या कडेवर दोनदा आपटायचा. ठक, ठक. ती खूण ऐकून जळव्या हात आखडायचा. जाळ विझवायचा नाही, फक्त आवरायचा. विझवला तर काकवीच राहते, गूळ काही होत नाही.

एका सुगीत नेहमीचा जळव्या आजारी पडला आणि बदली म्हातारा आला. त्याला कमी ऐकू यायचं. गुळव्या ठक ठक करतोय, मामा काठावरून ओरडतोय आणि हा खाली मान घालून इमानेइतबारे चिपाडं सारतोय. माणूस अतिशय कष्टाळू. त्या दिवशी आख्खं आदण करपलं. काळा, कडू गूळ आम्ही पुढं महिनाभर गुरांच्या आंबोणात पाहिला.

शरीरात शिरलेल्या जंतूंवर जाळ करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या मोठ्या, जंतू गिळणाऱ्या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-१२ अशी रसायनं सोडतात, त्यांनी ताप येतो, सूज येते, इतर पेशी धावून येतात. हा जाळ लागतोच, त्याच्याशिवाय आपण एक पावसाळा काढणार नाही. पण कुणीतरी ठक ठक करायला हवं. ते करणारा मुख्य निरोप म्हणजे इंटरल्युकिन-१०, थोडक्यात आयएल-१०. ‘दहा’ हा केवळ क्रमांक आहे, त्यात कमी-जास्त दर्जा काही नाही. काही टी-पेशी, काही बी-पेशी (याही पांढऱ्या पेशींच्याच जाती) तो सोडतात. मॅक्रोफेज स्वतःसुद्धा सोडतात. म्हणजे जळव्याच अधूनमधून स्वतःला ‘हळू रे’ म्हणतो. इथं माझी गुऱ्हाळाची उपमा जरा लंगडते, पण चालवून घ्या.

हा पदार्थ सापडला १९८९ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथं डीएनएएक्स नावाच्या संशोधन संस्थेत. टिम मॉसमन आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या टी-पेशींवर काम करत होते. एका जातीच्या टी-पेशी असं काही सोडतात की दुसऱ्या जातीच्या पेशींची रसायनं तयार होणंच मंदावतं, हे त्यांना दिसलं. त्यांनी त्याला पहिल्यांदा नाव दिलं तेही तसंच लांबलचक होतं, ‘सायटोकाइन तयार होऊ न देणारा घटक’. सायटोकाइन म्हणजे पेशी सोडतात ती हीच रसायनं. मी धारवाडला एम.एस्सी. केलं १९८५ साली, त्यामुळं माझ्या वहीत तो नाहीच. पुढं वर्गात शिकवायची वेळ आली तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहून घेतला, आणि लिहिताना कानात मामाच्या गुऱ्हाळातली ठक ठक वाजली होती, हे अजून आठवतं.

मग आतडंच का? नातवाला खोकला नाही, कातडीवरही फारसं काही नाही, सगळं पोटातच का? कारण आतड्यात जन्मापासून अब्जावधी जंतू राहतात, बहुतेक सगळे निरुपद्रवी, कामाचेसुद्धा. तिथला मॅक्रोफेज रोज, तासातासाला परक्या जंतूंच्या शेजारी उभा असतो. त्याला सतत ‘राहू दे, राहू दे’ ऐकू यावं लागतं. १९९३ साली जर्मनीत कोलोन इथं आयएल-१० अजिबात नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची आतडी सुजली, जुलाब लागले, ते वाळले. मात्र तसलेच उंदीर पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले तर आतडी नीट राहतात. चिपाडं नसतील तर बहिरा जळव्या काय जाळणार?

आता तुमचा इंजेक्शनचा प्रश्न. रिपोर्टात ‘आयएल-१०’ बिघडलाय असं लिहिलेलं नाही, ‘आयएल-१० रिसेप्टर’ बिघडलाय असं आहे. रिसेप्टर म्हणजे पेशीचा कान. नातवाच्या अंगात आयएल-१० आहे, गुळव्या दांडा आपटतोय. जळव्याला ऐकू येत नाही. बाहेरून आणखी आयएल-१० टोचणं म्हणजे गुळव्याच्या हातात मोठा दांडा देणं. २०१४ साली उंदरांवर हे फार छान दाखवलं गेलं : फक्त मॅक्रोफेजचा कान काढून घेतला तर आतडं भयंकर सुजलं, मॅक्रोफेजचं बोलणं काढून घेतलं, कान तसाच ठेवला, तर सुजलं नाही. बोलणारे दुसरेही असतात. ऐकायचं मात्र ज्याचं त्यालाच.

म्हणून जळव्याच बदलावा लागतो. मॅक्रोफेज आणि सगळ्या पांढऱ्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, जन्मतात. तो मगज बदलला की नव्या, ऐकू येणाऱ्या पेशी आतड्यात जाऊन बसतात. माणसातला हा दोष २००९ साली जर्मनी आणि इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ओळखला. तुमच्या नातवासारखीच मुलं होती ती, पहिल्या वर्षातच आजारी, शीच्या जागी भगंदरं. त्यांच्यापैकी एकाला मगज घातला आणि त्याचं आतडं शांत झालं. त्यानंतर अशी बरीच मुलं बरी झालीत. नेहमीची आतड्याच्या सुजेची औषधं, स्टिरॉइडसुद्धा, या मुलांना पुरत नाहीत. डॉक्टर एकदम इतक्या मोठ्या उपचाराची गोष्ट का करतात, याचं कारण हे.

उपचार सोपा आहे असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. आधी जोरकस औषधांनी बाळाचा जुना मगज रिकामा करतात. नवा रुजेपर्यंत काही आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, भेटायला एकच जण. त्या दिवसांत साधा संसर्गही जीवावर बेतू शकतो, आणि नव्या पेशींनी बाळाच्या अंगाशीच भांडण काढण्याचा धोका असतो. हे सगळं डॉक्टरांना खोदून खोदून विचारा. कागदावर सही करण्याआधी मराठी बोलणारं कुणीतरी समोर बसवून घ्या. तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

नातीचं काय? ऐक गं, हे तुझ्यासाठी. मणक्याला कुणी हात लावणार नाही. मणक्याच्या आत असते ती मज्जारज्जू, हाडात असते ती अस्थिमज्जा. दोन्हींत ‘मज्जा’ आलं म्हणून आपल्या मराठीनं हा गोंधळ घालून ठेवलाय, आणि त्यापायी कितीतरी आज्ज्या घाबरून बसतात. तुला भूल देतील, कमरेच्या मागच्या हाडातून सुईनं मगज काढतील. दोन-चार दिवस तिथं दुखेल, घसरून पडल्यावर दुखतं तसं. काढलेला मगज काही आठवड्यांत परत भरून येतो. पण आधी तुझं रक्त त्याच्याशी जुळायला हवं. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळलं नाही तर तो तुझा दोष नाही, डॉक्टर दुसरा दाता बघतील.

आणि शेवटचा प्रश्न, जो तुम्ही सगळ्यांत खाली लिहिलात पण मनात सगळ्यांत वर असणार. दोष कुणाकडून आला? दोघांकडून, अर्धा अर्धा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. या आजारात एक प्रत बिघडलेली असली तर माणसाला काहीही होत नाही, त्याला पत्ताही नसतो. तुमच्या मुलाकडे तशी एक आहे, सुनेकडे तशी एक आहे, आणि बाळाला योगायोगानं दोन्ही बिघडलेल्या आल्या. सून भावाची मुलगी, म्हणजे तुमचा मुलगा आणि ती मामे-आते भावंडं. अशा भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, म्हणून एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. ती प्रत बहुधा तुमच्या आई-वडिलांपैकी एकाकडून खाली आलेली असणार. म्हणजे अक्का, ती तुमच्याकडून मुलाकडे आणि भावाकडून सुनेकडे. सुनेला बोललात असाल तर आज तिला चहा करून द्या.

पुढचं मूल ठेवायचं असेल तर प्रत्येक वेळी हा आजार येण्याची शक्यता चारात एक. एकदा आला म्हणून पुढचे तीन सुटले, असा हिशेब नसतो. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक अंश घेऊन तपासता येतं. गर्भलिंग तपासणी आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानं बंद आहे, पण नोंदणी असलेल्या केंद्रात असा आनुवंशिक आजार तपासायला तो कायदा आडवा येत नाही.

तोवर एक करा. जिवंत जंतूंची कुठलीही लस, रोटाचे थेंब, पोलिओचे थेंब, गोवराची सुई, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रिपोर्टाची झेरॉक्स आशाताईंकडे देऊन ठेवा, म्हणजे त्या दारात आल्या की वाद नको.

प्रश्न : बाई, मी तुमचाच विद्यार्थी, बी.एस्सी. अर्धवट सोडलेला. खानापूरकडं जंगलाच्या कडेला सातेरी मधमाश्यांच्या तीस पेट्या ठेवल्यात. पहिल्या वर्षी एक माशी चावली तर हात कोपरापर्यंत सुजायचा. आता दिवसाला पाच-सात चावल्या तरी नुसती खाज येते. पण जूनपासून पाऊस लागला की पेट्या फारशा उघडत नाही, आणि परत काम सुरू केलं की पहिले काही डंख जोरात लागतात. असं का? दुसरं म्हणजे, धाकट्या बहिणीला गेल्या मार्चमध्ये एकच चावली, तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला. तिलाही माझ्यासारखी सवय लावावी का? घरचे म्हणतात रोज एक माशी लावू.

उत्तर : आधी दुसऱ्याचं उत्तर. नाही. नाही म्हणजे नाही. घरी माशी लावायची नाही, अर्धी नाही, मेलेली नाही.

तिला झालं ती सूज नव्हे, सगळ्या अंगाची ॲलर्जी होती, आणि पुढच्या वेळी ती जिवावर बेतू शकते. अशा वेळी वाचवणारं औषध एकच : ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. ॲलर्जीची पिवळी गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. तुमच्या गावाहून दवाखाना किती लांब आहे आणि पावसात तो रस्ता कसा असतो, हे मला माहीत आहे. म्हणून डॉक्टरांना भेटून ॲड्रेनॅलिन घरात ठेवता येईल का आणि ते कसं टोचायचं, हे आताच शिकून घ्या. तिला तोवर पेट्यांच्या आसपास फिरकू देऊ नकोस. काटा रुतला तर चिमटा शोधत बसू नका, नखानं खरवडून पहिल्या काही सेकंदांत काढा. जितका वेळ राहील तितकं विष आत जातं.

आता तुझं. तुला पावसाळ्यानंतर जे जाणवतं ते स्वित्झर्लंडमधल्या मधपाळांच्या रक्तात मोजलं गेलंय. निकाल २००८ साली प्रसिद्ध झाले. हंगाम सुरू होऊन डंख बसू लागले की सात दिवसांच्या आत, माशीचं विष ओळखणाऱ्या त्यांच्या टी-पेशी पालटतात आणि आयएल-१० सोडू लागतात. डंख बसत राहतात तोवर त्या तशाच राहतात. हंगाम संपला की दोन-तीन महिन्यांत परत मूळपदावर. तू पेट्यांना कुलूप लावून बसतोस, तुझ्या पेशीही विसरून बसतात. ऑक्टोबरात परत उजळणी. तू अभ्यासात नेमकं हेच करायचास, म्हणून सांगते.

आयएल-१० इथं दोन कामं करतो. विषाविरुद्ध पेटून उठणाऱ्या टी-पेशींना आवरतो, आणि बी-पेशींना प्रतिपिंडाची जात बदलायला लावतो. ॲलर्जी घडवणारं आयजीई मागं पडतं, आयजीजी-४ वाढतं. हे दुसरं विषाला अडवतं पण खाज-सूज उडवणाऱ्या पेशींना चिथावत नाही.

बहिणीसाठी याच तत्त्वावरचा उपचार आहे, पण तो ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे, दवाखान्यात बसून. शुद्ध केलेलं विष आधी अगदी नगण्य मात्रेत टोचतात, मग वाढवत नेतात, आणि तीन ते पाच वर्षं चालू ठेवतात. कल्पना जुनी आहे. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांवर ती पहिल्यांदा वापरली, तेव्हा असं का होतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बेळगावात कुठं सोय आहे ते विचारून बघ. नसेल तर गोवा किंवा पुणे. हे काम पेटीतल्या माशीकडून करून घ्यायचं म्हणजे किती विष गेलं ते मोजायलाच कुणी नाही.

पुढच्या वेळी मध घेऊन ये, आणि राहिलेले दोन पेपर कधी देणार ते सांग.

प्रश्न : मी वडगावचा विणकर, वय ५८. तीन वर्षं झाली, सांधे धरतात. सकाळी बोटं इतकी आखडतात की तुटलेला धागा तासभर जोडता येत नाही. डॉक्टरांनी आमवात सांगून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू केली. मुलानं मोबाइलवर आलेली जाहिरात दाखवली : ‘आयएल-१० नैसर्गिकरीत्या वाढवा, दाह मुळापासून घालवा.’ पावडरचा डबा बावीसशे रुपये. दोन डबे संपले. पावडर सुरू केल्यावर गोळी सोडली. आता गुडघेपण धरलेत. आणखी किती डबे घ्यावेत? शिवाय ताकानं तो वाढतो असंही कुणी म्हणालं.

उत्तर : एकही नको. तुमचं नाव-पत्ता छापत नाही, पण तुम्ही समोर असता तर चार शब्द ऐकवले असते. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि गोळी सोडली होती हे खरं सांगा. ती गोळी मेथोट्रेक्सेट असावी. पुन्हा सुरू करायची ती त्यांच्या सांगण्यावरून, आणि आठवड्यातून एकदाच. मागचं भरून काढायला म्हणून रोज घेतलीत तर जीव जाऊ शकतो, हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये.

जाहिरात लिहिणारा माणूस हुशार आहे. आयएल-१० दाह कमी करतो हे त्यातलं अर्धं वाक्य खरं आहे. आता उरलेलं ऐका.

औषध कंपन्यांनी खराखुरा, शुद्ध आयएल-१० बनवून आतड्याच्या क्रोन्स नावाच्या आजारात टोचून पाहिला. २००० च्या सुमारास मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. फरक जेमतेम पडला. मात्रा वाढवली तर डोकं दुखायचं, रक्त कमी व्हायचं. टोचलेला आयएल-१० काही तासांत रक्तातून निघून जातो, आणि सुजलेल्या जागी पुरेसा पोचतच नाही. शुद्ध पदार्थ सुईनं देऊन जे जमलं नाही ते डब्यातली हिरवी पावडर करते, असं तुम्हाला मानायला सांगतायत. बावीसशे रुपयांत.

ताकाची गोष्ट मात्र मला आवडली, कारण तिच्यामागं काहीतरी आहे. बेल्जियममध्ये घेंट इथल्या संशोधकांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूत आयएल-१० चं जनुक बसवलं. हा जंतू दह्या-चीजच्या कुळातला. तो आतड्यात जाऊन तिथल्या तिथं आयएल-१० सोडतो. २००० साली उंदरांची सूज त्यानं निम्म्यावर आली, मग मोजक्या माणसांवरही पाहिलं, पण औषध म्हणून तो काही दुकानात आलेला नाही. तुमच्या घरच्या ताकातल्या जंतूत ते जनुक नाही. ताक प्या, जिऱ्या-हिंगाची फोडणी द्या, पण सांध्यांचा हिशेब त्याच्या खाती लावू नका.

आणि समजा वाढलाच आयएल-१०, तरी वाढला म्हणजे चांगलंच झालं असं कुठं आहे? काळ्या आजारात (कालाआजार) तो वाढतो आणि परजीवीचं फावतं. कुष्ठरोगाच्या ज्या प्रकारात जंतू भरमसाट माजतात, तिथल्या चट्ट्यांत तो जास्त सापडतो. ल्युपस नावाच्या आजारात तो जास्त असतो आणि नको त्या प्रतिपिंडांना खतपाणी घालतो. कोरोनात ज्यांची तब्येत फार बिघडली त्यांच्या रक्तात आयएल-६ बरोबर आयएल-१० सुद्धा चढलेला होता. एक विषाणू तर असा लबाड आहे, एपस्टाइन-बार त्याचं नाव, की त्यानं आयएल-१० चं जनुकच आपल्याकडून उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलंय. तो पेशीत शिरतो आणि आपल्याच आवाजात ‘आवरा, आवरा’ म्हणतो. पहारेकरी गप्प बसतात. ही चोरी १९९० साली उघडकीला आली. मला ती वाचून त्या विषाणूचा राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटलं होतं.

फुकटात काही करायचं असेल तर चाला. काम करणारा स्नायू आयएल-६ सोडतो, आणि त्याच्या मागोमाग रक्तात आयएल-१० थोडा वाढतो. हे तपासलेलं आहे. दिवसभर मागापुढं उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, ते तुमचे गुडघे तुम्हाला सांगतच असतील. सकाळी बोटं कोमट पाण्यात बुडवून दहा मिनिटं उघडझाप करा, मग मागाकडं जा. गोळीच्या जोडीला, गोळीच्या बदल्यात नव्हे.

प्रश्न : टिळकवाडीत राहते, वय ३८, नोकरी करते. सारखा थकवा येतो म्हणून एका लॅबचं ‘संपूर्ण प्रतिकारशक्ती पॅकेज’ केलं. ‘आयएल-१० : मोजण्यापलीकडे कमी’ असं लाल अक्षरात आलंय. रात्रभर झोप नाही. रिपोर्टाचा फोटो सोबत पाठवते.

उत्तर : झोपा. निरोगी माणसाच्या रक्तात आयएल-१० असतोच इतका थोडा. तो पिकोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग, आणि बऱ्याच यंत्रांना तोही पकडता येत नाही. तो तयार होतो तिथंच, शेजारच्या पेशीसाठी वापरला जातो. रक्तात फिरत बसत नाही. तुमचा आकडा नेहमीच्या माणसाचा आहे. लाल शाई लॅबची.

फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत हिमोग्लोबिन ९.५ आहे. ते १२ च्या वर हवं. त्याला कुणी लाल केलेलं नाही. ते पान घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा, आणि पाळीत रक्त किती जातं हे त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.